कोठी रिकामी झाली आणि स्पीकर ‘फुटला’

(सामुदायिक रेडिओवरच्या ‘गटाच्या गप्पा’ या सदरातलं भाषण)

आम्ही पवनानगरहून बोलतोय. बचत गटांच्या बैठका घेणं, वह्या तपासणं, बँकेची कागदपत्रं लावून देणं हे आमचं रोजचं काम. आज मात्र कर्जाबद्दल किंवा हप्त्याबद्दल बोलायचं नाही. आज बोलायचं आहे घरातल्या स्पीकरबद्दल, टेपबद्दल, टीव्हीबद्दल. त्यांचा आवाज का घुमतो, का थरथरतो, आणि नवी वस्तू न घेता तो साफ कसा करायचा.

तुम्ही म्हणाल, या बायांना आता एवढंच राहिलं का? तर आधी काय घडलं ते सांगतो.

आमच्या एका गटाकडे छोटा ब्लूटूथ स्पीकर आहे. गटातल्या सगळ्याच जणींकडे स्मार्टफोन नाही. म्हणून आम्ही निरोप मोबाईलवर रेकॉर्ड करून पाठवतो आणि बैठकीत तो स्पीकरवर लावला जातो. बैठक एका ताईंच्या घरी असते. वरती पत्रा, भिंतीला भांड्यांची मांडणी, कोपऱ्यात धान्याची पत्र्याची कोठी. स्पीकर ठेवायची जागा ठरलेली, कोठीच्या झाकणावर. उंच जागा, सगळ्यांना दिसते, लेकरांचा हात पोचत नाही.

दिवाळीनंतर हा स्पीकर छान वाजत होता. आषाढात तोच स्पीकर गुरगुरायला लागला. काही बोललं की मागून पत्रा तडतडल्यासारखा आवाज यायचा. सगळ्यांचं एकच मत, स्पीकर फुटला. त्यातच आमचा निरोप लागला, की बँकेचं शिबिर ‘सतरा तारखेला’ आहे, आधार कार्ड आणि पासबुक घेऊन या. मागे बसलेल्या एका मावशींना ऐकू आलं ‘अठरा’. त्या भातलावणीच्या दिवसांत एक दिवसाची मजुरी सोडून, जीपचं भाडं भरून अठराला गेल्या. तिथं कोणीच नव्हतं.

पुढच्या बैठकीत त्या रागावल्या, आणि त्यांचं बरोबर होतं. गटाने ठरवलं, नवा मोठा स्पीकर घ्यायचा, प्रत्येकीने वर्गणी काढायची. ठराव वहीत लिहिणार एवढ्यात त्या घरातल्या आजी उठल्या. त्यांनी स्पीकर उचलून खाली घोंगडीवर ठेवला आणि कोठीवर बोटांनी टकटक केलं. आपण सगळ्याच जणी आत किती भात उरलाय ते असंच बघतो ना? जिथं भात आहे तिथं आवाज बद्द येतो, जिथं रिकामं आहे तिथं टणटणीत. आजी म्हणाल्या, “अगं, कोठी रिकामी झालीया. ती वाजतीया, तुमचं यंत्र न्हाई.”

घोंगडीवर स्पीकर अगदी स्वच्छ बोलत होता.

दिवाळीनंतर नवा इंद्रायणी भात कोठीत भरला, तेव्हा कोठी जड आणि मुकी होती. आषाढापर्यंत भात संपला आणि कोठीचा ढोल झाला. स्पीकर तोच होता, बदलली होती ती त्याच्या खालची वस्तू. आम्ही बी.ए. झालेल्या, पण आमच्या डोक्यात हे आलं नव्हतं. त्यानंतर आम्ही हा विषय नीट समजून घेतला आणि घरातल्या वस्तूंवर करून पाहिला. तेच आज सांगतो.

हादरा जातो कुठं?

आवाज म्हणजे थरथर. स्पीकरच्या आत कागदाचा किंवा प्लास्टिकचा एक पडदा असतो. तो पुढे-मागे हलतो आणि हवेला ढकलतो. ती हवा आपल्या कानापर्यंत येते. एका सेकंदात पडदा किती वेळा हलतो ते हर्ट्झमध्ये मोजतात. पुरुषाचा बोलण्याचा मूळ आवाज साधारण 100 ते 120 हर्ट्झ, बाईचा साधारण 200 हर्ट्झ. ढोलाचा खालचा आवाज 50 ते 100 हर्ट्झच्या आसपास.

आता धरणातली होडी आठवा. होडीतून काठावर उडी मारली की होडी मागे सरकते. स्पीकरचंही तसंच आहे. पडदा पुढे गेला की खोकं मागे ढकललं जातं, पडदा मागे आला की खोकं पुढे. हे डोळ्यांना दिसत नाही, पण वाजत्या स्पीकरवर हात ठेवा, तळव्याला लगेच कळतं. ही थरथर खोक्यातून खालच्या वस्तूत उतरते. खाली जड फरशी असेल तर तिथंच विरते. खाली पातळ पत्रा, पोकळ पेटी किंवा भांड्यांची मांडणी असेल तर तीही वाजायला लागते. म्हणजे आपण एक स्पीकर ऐकत नसतो. स्पीकर, कोठी, वरची ताटं आणि डब्यांची झाकणं, सगळं एकदम ऐकत असतो.

यात नुकसान होतं ते शब्दांचं. स, श, त, ठ, फ ही अक्षरं फार बारीक आवाजाची असतात. ‘स’चा सळसळाट तर 4000 हर्ट्झच्याही वर असतो. पत्र्याचा तडतडाटही बराचसा तसाच बारीक असतो. तो या अक्षरांवर बसतो आणि ती झाकून टाकतो. ‘सतरा’मधला ‘स’ गेला, ‘त’ गेला, की मागे उरतं नुसतं ‘रा’. मग ऐकणारीने सतरा समजायचं की अठरा? ज्यांना आधीच थोडं कमी ऐकू येतं त्यांची तर फारच पंचाईत.

आत्ताच एक प्रयोग करा. मोबाईलवर एखादं भजन लावा. मोबाईल आधी तळहातावर धरा. मग रिकाम्या स्टीलच्या डब्यावर ठेवा. मग तोच डबा तांदळाने भरा आणि पुन्हा वर ठेवा. शेवटी घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा. चार ठिकाणी चार आवाज येतील. पुढचं सगळं या एका प्रयोगात आलं.

चुंबळीचं शहाणपण

यावरचा उपाय आपल्याला नवा नाही. डोक्यावर हंडा घेताना आपण चुंबळ करतो. तबल्याखाली चुंबळ असते. ती काढून तबला थेट फरशीवर ठेवा, तो डगमगतो आणि त्याचा नादही बिघडतो. जात्याखाली पोतं अंथरतात, खलबत्त्याखाली फडकं घालतात. मिक्सरच्या पायांना रबर असतं. ते झिजलं की मिक्सर ओट्यावर चालायला लागतो, हे तुम्ही पाहिलंच असेल.

गंमत बघा, वाद्याला कधी ही थरथर हवीही असते. आपल्या महाराष्ट्रातलं मिरज सतार आणि तानपुऱ्यासाठी प्रसिद्ध. तिथल्या या वाद्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तानपुऱ्याचा पोकळ भोपळा मुद्दाम थरथरावा असाच बनवलेला असतो, कारण तार एकटी वाजली तर आवाज अगदी बारीक येईल. म्हणजे पोकळ वस्तू वाईट नव्हे. तानपुऱ्याचा भोपळा कारागिराने सुरासाठी केलेला असतो. आपली कोठी भातासाठी केलेली असते. तिने गाणं म्हणू नये एवढंच.

जड वर, लवचीक खाली

हादरा अडवायचा नियम या चार शब्दांत आहे. वर जड वस्तू हवी आणि तिच्याखाली लवचीक वस्तू हवी.

जड का? हलका माणूस धक्क्याने हलतो, जड माणूस जागचा हलत नाही. स्पीकर सहा किलोच्या फरशीवर ठेवला की त्याच्या पडद्याच्या धक्क्याने ती फरशी फारशी हलत नाही.

लवचीक का? जी थोडीबहुत थरथर फरशीत उतरते ती खालच्या रबरात किंवा कापडात जिरते, टेबलापर्यंत पोचत नाही.

पण लवचीक म्हणजे किती? इथंच बहुतेक चुका होतात. खालची वस्तू वजनाने थोडी दबली पाहिजे आणि आणखी दबायला तिच्यात जागाही उरली पाहिजे. दोन-तीन मिलिमीटर दबली तरी पुष्कळ झालं. मऊ स्पंजावर जड स्पीकर ठेवला आणि स्पंज पापडासारखा चपटा झाला, तर तो आता लाकडाइतकाच टणक झाला, त्याचा उपयोग संपला. उलट जाड रबराच्या मोठ्या तुकड्यावर हलका स्पीकर ठेवला तर रबर दबतच नाही, त्याचाही उपयोग नाही. म्हणून हलक्या स्पीकरला वजन द्यायचं आणि रबराचे तुकडे लहान ठेवायचे. बोटाने दाबून बघा. थोडं दबलं आणि सोडल्यावर वर आलं, तर जमलं.

घरात करायचे उपाय

पहिला उपाय फुकटचा, जागा बदला. कोठी, पत्र्याची पेटी, लोखंडी कपाट, फ्रीज, भांड्यांची मांडणी, यांवरून स्पीकर उतरवा. भिंतीतला दगडी कोनाडा, भरीव लाकडी पाट किंवा कडाप्प्याचा ओटा बघा. स्पीकर खोलीच्या कोपऱ्यात अगदी भिंतीला चिकटवून ठेवला की खालचे आवाज फुगतात आणि बोलणं घुमतं. हातभर पुढे ओढा. आम्ही पाहिलेल्या निम्म्याहून जास्त घरांत एवढ्यानेच काम झालं.

दुसरा उपाय, जुनी स्लीपर. तुटलेल्या हवाई चपलेच्या टाचेकडचा जाड भाग घ्या. काडेपेटीच्या निम्म्या आकाराचे चार तुकडे कापा आणि स्पीकरच्या चार कोपऱ्यांखाली ठेवा. तुकडे एकाच जाडीचे हवेत, नाहीतर स्पीकर डुलेल. टीव्हीच्या स्टँडखाली, टेपखाली, घरघंटीशेजारच्या रेडिओखालीही हे चालतं.

तिसरा उपाय, फरशी आणि ट्यूब. ओटा बांधताना उरलेला कडाप्पा किंवा शहाबादी फरशीचा एक फूट बाय एक फूट तुकडा बहुतेक घरांच्या मागे पडलेला असतो. एक इंच जाडीचा असेल तर तो सहा किलोच्या आसपास भरतो. त्याच्याखाली लहान मुलाच्या सायकलची जुनी ट्यूब ठेवा. पंक्चर काढणाऱ्याकडे अशी ट्यूब अगदी थोड्या पैशांत मिळते, कधी तशीच देतात. ट्यूबमध्ये हवा अर्धवटच भरा. फरशी ठेवल्यावर ट्यूब थोडी बसली पाहिजे, पण फरशी टेबलाला टेकता कामा नये. हवा भरायचं तोंड बाहेरच्या बाजूला ठेवा. ही झाली रबराची चुंबळ. ट्यूब नसेल तर जुन्या लुगड्याची घट्ट वळलेली चुंबळही चालते, मात्र ती दर महिन्याला सैल करून पुन्हा वळावी लागते. फरशीच्या कडा घासून घ्या, बोटं कापतात.

चौथा उपाय, वाजणाऱ्या वस्तू शोधा. एकीने स्पीकरवर ढोलकीचं गाणं लावायचं, दुसरीने खोलीभर फिरून एकेका वस्तूवर हात ठेवायचा. हात ठेवल्यावर तडतड थांबली की चोर सापडला. बहुतेक वेळा खिडकीची सैल काच, भिंतीवरची तसबीर, उभी लावलेली ताटं किंवा डब्याचं झाकण निघतं. तसबिरीच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना कापडाच्या टिकल्या चिकटवा. ताटांच्या मध्ये फडकं घाला. काचेच्या फटीत कागदाची घडी बसवा. कधी स्पीकरची जाळी किंवा मागचा स्क्रूच सैल असतो, तो आवळून घ्या.

पाचवा उपाय, वायर. ताणलेली वायर थरथर एका वस्तूतून दुसरीत नेते. वायर थोडी सैल ठेवा.

कशाचा उपयोग नाही

बाजारात स्पीकरखाली ठेवायच्या महागड्या गाद्या, पितळी टोकं, खास स्टँड मिळतात. मोठ्या शहरांतले संगीताचे शौकीन त्यावर हजारो रुपये घालतात. पण काम वजनाचं आणि लवचीकपणाचं असतं, किमतीचं नसतं. टोकदार पायांनी स्पीकर डुलायचा थांबतो, पण टोक टणक असल्यामुळे थरथर खाली जातच राहते.

सेट-टॉप बॉक्स, ॲम्प्लिफायर यांच्याखाली रबर ठेवून आवाज सुधारत नाही, कारण त्यांच्यात गाणं हलणाऱ्या भागातून येत नाही. जुना तबकडीचा प्लेअर असेल तर गोष्ट वेगळी. त्याची सुई तबकडीच्या खाचेतली बारीकशी थरथर वाचते. कोणी शेजारून धपाधप चाललं तर तीही ती वाचते आणि उडी मारते. अशा प्लेअरला फरशी आणि ट्यूबची जोडी सगळ्यांत जास्त उपयोगी पडते.

घुमणं आणि हादरा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही लक्षात ठेवा. रिकाम्या समाजमंदिरात आवाज भिंतींवर आपटून परत येतो, त्याला चपलेचा तुकडा काय करणार? तिथं भिंतीवर गोधड्या टांगा, खाली सतरंज्या घाला, माणसं जवळ बसवा. पावसात पत्रा वाजतो त्यावरही हा उपाय नाही. मावळातला पाऊस सुरू झाला की स्पीकर बंद करून सगळ्या जणींनी जवळ सरकावं, हेच बरं.

आणि शेजारी. रबरामुळे भिंतीतून जाणारा धक्का कमी होतो, पण हवेतून जाणारा मोठा आवाज थांबत नाही. तो कमी करायला स्पीकरचं बटणच हवं. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकर लावायला कायद्याने बंदी आहे, हे मंडळांनाही सांगा.

सांभाळायचं काय

ॲम्प्लिफायरच्या हवा जायच्या फटी कापडाने झाकू नका. तो तापतो आणि आग लागू शकते. उंचावर ट्यूब आणि फरशी ठेवू नका. सहा किलोचा दगड लेकराच्या डोक्यावर पडेल. ही जोडी जमिनीवर किंवा रुंद, बुटक्या ओट्यावरच ठेवा. काही करण्याआधी प्लग काढा. पावसाळ्यात स्पंज ओल धरतो, त्याला बुरशी येते आणि उंदीरही कुरतडतात, म्हणून आपल्याकडे रबरच बरं. पॉलिशच्या लाकडावर रबराचा काळा डाग पडतो, मध्ये जाड कागद घाला.

माईक आणि रेकॉर्डिंग

तुमच्यातल्या काही जणी रेडिओसाठी घरूनच ओव्या, पाककृती, अनुभव रेकॉर्ड करून पाठवतात. आपल्या देशात 2006 पासून संस्थांना सामुदायिक रेडिओ चालवायची परवानगी मिळाली. सातारा जिल्ह्यात म्हसवडला 2008 मध्ये माणदेशी तरंग सुरू झालं, तेलंगणात माचनूरला त्याच वर्षी संघम् रेडिओ सुरू झाला. तिथं खेड्यातल्या बायांनीच माईक हातात घेतला. तेव्हा आपलं बोलणंही साफ ऐकू गेलं पाहिजे.

हादरा जसा स्पीकरमधून टेबलात उतरतो, तसाच टेबलातून मोबाईलमध्ये चढतो. मोबाईल टेबलावर ठेवून बोलताना बांगडी टेबलाला लागली, पेला ठेवला, पाय हलला, की ‘धप्प’ असा आवाज रेकॉर्ड होतो. मोबाईल चार पदरी घडी केलेल्या गोधडीवर ठेवा, तोंडापासून वीतभर लांब. पंखा, मिक्सर आणि फ्रीज थोडा वेळ बंद करा. फ्रीज परत सुरू करायला मात्र विसरू नका, आम्ही एकदा विसरलो होतो आणि दूध नासलं.

कार्यक्रमात माईकचा स्टँड लाकडी व्यासपीठावर असेल तर त्याच्या पायाखाली पायपुसणं घाला, चालण्याचे धपके येणार नाहीत. माईक आणि स्पीकर एकाच टेबलावर ठेवू नका आणि स्पीकरचं तोंड माईककडे करू नका. स्पीकरचा आवाज माईकमध्ये जातो, माईकमधून परत स्पीकरमध्ये, आणि कानठळ्या बसवणारी शिट्टी सुरू होते. माईक मागे आणि स्पीकर पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून, असं ठेवा.

शेवटी त्या मावशींबद्दल

आमच्या गटाने नवा स्पीकर घेतला नाही. कडाप्प्याचा तुकडा घराच्या मागे होताच, ट्यूब पंक्चरच्या टपरीवरून आणली. स्पीकर आता ओट्यावर असतो आणि मागे बसलेल्यांनाही नीट ऐकू येतो. वर्गणी वाचली.

पण मावशींची एक दिवसाची मजुरी गेली ती गेलीच. त्यांनी बैठकीत आम्हाला विचारलं, “ऐकू आलं नाही, तर परत विचारायची सोय होती का?” नव्हती. आम्ही निरोप एकदाच रेकॉर्ड केला होता, तोही मागे मिक्सर चालू असताना. दोष नुसता कोठीचा नव्हता. त्या दिवसापासून आम्ही तारीख दोनदा सांगतो आणि सोबत वारही सांगतो. ‘सतरा तारीख, बुधवार. पुन्हा सांगतो, एकावर सात, सतरा, बुधवार.’ बैठकीत निरोप संपला की सगळ्यांत मागे बसलेल्या बाईला विचारतो, “मावशी, काय ऐकलं ते सांगा.” त्यांनी बरोबर सांगितलं तरच पुढचा विषय घेतो.

मैत्रिणींनो, या आठवड्यात एक काम करा. तुमच्या घरातला रेडिओ, टीव्ही किंवा स्पीकर ज्या वस्तूवर आहे तिच्यावर बोटांनी टकटक करा. बद्द वाजली तर राहू द्या. टणटण वाजली तर खाली काहीतरी घाला, नाहीतर जागा बदला. काय सापडलं ते पुढच्या बैठकीत सांगा. वर्गणी काढण्याआधी घरातल्या आजींना एकदा विचारून घ्या.